पेट्रोलची नळी

लग्नाआधी मी तुर्भ्याला डिझेल पंपाच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. ट्रक-टेम्पोचे पंप खोलायचे, साफ करायचे, तपासणीच्या बेंचवर चढवायचे आणि प्रत्येक नोझलमधून किती डिझेल पडतं ते काचेच्या नळ्यांत मोजायचं, हे माझं काम. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलेली मुलगी असल्या कामाला कशी, असं लोक विचारायचे. वडील साताऱ्याकडून आलेले, मार्केटमध्ये पाठीवर गोणी वाहणारे. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलगी मोजमापाचं काम करते, असं ते कोपरखैरण्याच्या शेजाऱ्यांना सांगायचे आणि विषय संपवायचे.

हे तिथे गिऱ्हाईक म्हणून आले. नेरूळच्या बाजूला खाडीकाठी यांचं गाव. गावठाणात घराला लागून पत्र्याची शेड आणि त्या शेडमध्ये यांचं गॅरेज. एका टेम्पोचा पंप आम्ही दुरुस्त करून दिला होता आणि तो घेऊन हे परत आले. तिसऱ्या सिलिंडरला डिझेल कमी जातंय, आवाजावरून कळतंय, असं त्यांचं म्हणणं. आमचे मालक हसले. मी पंप पुन्हा बेंचवर चढवला. तिसऱ्या नळीत खरंच बाकीच्यांपेक्षा थोडं कमी पडत होतं, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं. त्या दिवशी मी या माणसाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

लग्न दोन्ही घरांना फारसं पसंत नव्हतं, पण कोणी अडवलंही नाही. सासूबाई पहिले सहा महिने माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मग एकदा भरदुपारी त्या शेडच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, मी नोझल घासत होते ते बराच वेळ बघत राहिल्या आणि आत जाताना म्हणाल्या, "हात काले हायत, पन काम साफ हाय." त्यानंतर त्यांनी मला कधी परकं मानलं नाही.

नव्वदचं दशक सुरू झालं तेव्हा लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती. आमचं पोट भरायचं ते मार्केटच्या ट्रकांवर. पण यांचा जीव होता टर्बो लावलेल्या पेट्रोल गाड्यांत. तशा गाड्या तेव्हा आपल्याकडे फार नव्हत्या. बोटीवर नोकरी करणारा एखादा येताना घेऊन यायचा, एखादा हौशी माणूस रॅलीसाठी मिळवायचा. त्या गाड्यांना हात लावायला भले भले मिस्त्री घाबरायचे. हे घाबरत नसत. एका गाडीचं काम नीट झालं की तिचा मालक दुसऱ्याला सांगायचा, आणि असं करत करत महिन्या-दोन महिन्यांनी एखादी गाडी आमच्या गल्लीत शिरायची. गावातली माणसं घराबाहेर येऊन बघायची.

टर्बो म्हणजे काय, ते मला यांनीच समजावून सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. हवा जास्त गेली तर पेट्रोलही त्या मानाने जास्त गेलं पाहिजे. हवा वाढली आणि पेट्रोल कमी पडलं, तर आतला जाळ भलताच तापतो आणि पिस्टनला भोक पडतं. लोक येऊन टर्बोचा दाब वाढवून मागायचे, कारण जोर त्यातून येतो. पेट्रोलचा विचार कोणी करायचं नाही. तो आम्ही करायचो. हे कानाने आणि प्लगच्या रंगावरून, आणि मी मोजून.

इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोजायला आमच्याकडे बेंच नव्हता, म्हणून मी तो बनवला. भंगारातल्या एका गाडीची इंजेक्टर बसवायची पट्टी, मोटारीवर चालणारा पंप, खाली चार काचेच्या नळ्या आणि इंजेक्टरला ठराविक वेळ उघडझाप करायला लावणारं एक छोटं सर्किट. त्याचे सुटे भाग मी लॅमिंग्टन रोडवरून आणले होते. मोजताना पेट्रोलऐवजी टर्पेंटाइन वापरायचे, ते पट्टीला पोचवायला धाग्यांच्या जाळीची पारदर्शक प्लास्टिकची नळी लावली होती, आत काय चाललंय ते दिसावं म्हणून. त्या बेंचचं मला फार कौतुक होतं. मुलगी लहान होती, ती त्या नळ्यांतली पातळी चढताना बघत बसायची.

ती पांढरी गाडी आमच्याकडे आली तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. गाडीचे मालक क्लिअरिंग एजंट, बेलापूरला त्यांचं ऑफिस. आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. मध्यम वयाचे, हळू बोलणारे, गाडीखाली वाकून बघायलाही मागेपुढे न पाहणारे. गाडी जपानी, दोन दारांची, एका बोटीवरच्या अधिकाऱ्याकडून घेतलेली. त्यांनी दुबईहून मोठा टर्बो मागवला होता आणि त्याच्यासाठी पेट्रोलची सगळी व्यवस्था नव्याने करून हवी होती. घाई नाही, पण चोख व्हायला हवं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. यांना असं गिऱ्हाईक आवडायचं.

दोन महिने ती गाडी आमच्याकडे होती. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून यांनी एका मोठ्या गाडीचे आठ इंजेक्टर आणले. मी आठही साफ केले, बेंचवर लावले आणि एकमेकांशी जुळणारे चार निवडले. टाकीतला पंप एवढं पेट्रोल पुरवू शकत नव्हता, म्हणून त्याच्या पुढे दुसरा पंप बसवला. दाब कमीजास्त करायला स्क्रूचा रेग्युलेटर लावला. इंजेक्टर मोठे झाले म्हणजे साध्या चालीत पेट्रोल जास्त जाणार. ते कमी करायला हवा मोजणाऱ्या झडपेची स्प्रिंग आवळायची होती. त्या स्प्रिंगच्या चाकाला बारीक दाते असतात. हे एकेक दात पुढे सरकवायचे, गाडी फिरवून आणायचे, आणि पुन्हा एक दात.

मी शेजारी बसायचे. पेट्रोलच्या दाबाचा मीटर आम्ही बाहेरून, पुढच्या काचेवर चिकटपट्टीने लावला होता. पेट्रोलची लाइन गाडीच्या आत आणायची नाही, असा यांचा नियम होता. हे गाडी चालवायचे, मी टर्बोचा दाब आणि पेट्रोलचा दाब दोन्ही वाचून वहीत लिहायचे. खाडीच्या कडेने तेव्हा नव्या रस्त्याचं काम चालू होतं. एक तुकडा पुरा झाला होता आणि त्यावर सकाळी काम करणारी माणसं सोडली तर कोणी नसायचं. तिथे हे गाडी पूर्ण ताकदीने पळवायचे, मग एकदम चावी बंद करून तशीच जाऊ द्यायचे, थांबले की गरम प्लग काढून बघायचे. प्लगचं टोक पांढरं पडलेलं असेल तर पेट्रोल कमी, काळं असेल तर जास्त. चहासारखा रंग आला की हे प्लग माझ्यासमोर धरायचे. खारफुटीचा वास यायचा, गरम इंजिनाचा वास यायचा आणि मी वहीत त्या आकड्यापुढे खूण करायचे. संसारातले माझे सर्वांत सुखाचे दिवस कुठले, असं कोणी विचारलं तर मी ते दोन महिने सांगेन.

काम जवळजवळ झालं होतं. एकच गोष्ट मला खटकत होती. टर्बो पूर्ण दाबाला पोचला की पेट्रोलच्या मीटरचा काटा थरथरायचा. यांना तो मीटरचा दोष वाटत होता. मला वाटत होतं की पेट्रोलमध्ये बुडबुडे येतायत. मागचा पंप जेवढं देतो त्याहून पुढचा पंप जास्त ओढत असेल तर तसं होऊ शकतं. यांनी ऐकून घेतलं, पण पटल्याचं काही दाखवलं नाही. गाडी ठीक चालतेय, प्लग ठीक दिसतायत, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यांच्या मामेभावाची हळद होती, उरणकडे. हे आणि सासूबाई दुपारीच गेले. मला मार्केटच्या एका ट्रकचा पंप द्यायचा होता, म्हणून मी मागे राहिले. तो पंप देऊन झाला आणि शेडमध्ये मी आणि ती गाडी. मला राहवेना. पेट्रोलच्या फिल्टरपासून इंजेक्टरच्या पट्टीपर्यंत रबरी नळीचा वीतभर तुकडा होता, यांनी बसवलेला, दोन्ही टोकांना क्लिप लावून. मी तो काढला. क्लिप चांगल्या घट्ट होत्या, पहिली सैल करताना स्क्रूड्रायव्हर निसटून माझ्या बोटाला लागला. त्या जागी मी माझ्या बेंचची जाळीची नळी कापून लावली, त्याच क्लिपांनी. आतलं पेट्रोल दिसायला दुसरा मार्ग नव्हता.

गाडी सुरू केली. हळू चालीत नळी स्वच्छ होती. मग हाताने ॲक्सिलरेटरची तार ओढून मी बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिलं, तर बारीक बुडबुड्यांची माळ नळीतून धावत होती. माझंच बरोबर होतं.

त्या क्षणी मी गाडी बंद करून यांची नळी परत लावायला हवी होती. दहा मिनिटांचं काम. ती जाळीची नळी पेट्रोलसाठी नाही, गरम झाली की मऊ पडते, हे मला माहीत होतं. या कामात माझी उमेदीची वर्षं गेली होती. पण मला यांना ते बुडबुडे दाखवायचे होते. उद्या सकाळी गाडी सुरू करायची, यांचा हात धरून आणायचं आणि म्हणायचं, बघा. मी नुसतं सांगितलं असतं तरी यांनी ऐकलं असतं, पण मला ते डोळ्यांनी दाखवायचं होतं. म्हणून मी नळी तशीच ठेवली. ती हवेच्या पाइपांखाली, अंधारात होती. वरून बघणाऱ्याला दिसली नसती. यांची रबरी नळी मी माझ्या बेंचच्या खणात ठेवली, शेड बंद केली आणि मुलीला घेऊन कोपरखैरण्याला आईकडे राहायला गेले. घरात कोणी नव्हतं म्हणून.

सकाळी बसने परत यायला मला साडेनऊ झाले. सासूबाई ओट्यावर मासळी साफ करत होत्या. शेड उघडी होती आणि गाडी नव्हती. मी विचारलं तर म्हणाल्या, साहेब सकाळीच आले, आज गाडी न्यायची म्हणत होते, तवा दोघंही ट्रायलला गेलेत. खाडीवरच्या रस्त्याला.

मुलीला त्यांच्याजवळ सोडून मी धावतच मोठ्या रस्त्याला गेले आणि रिक्षा पकडली. तेव्हा कोणाकडे फोन नसायचे. रिक्षात मी मनाशी म्हणत होते की थोडा वेळ टिकेल, एका फेरीपुरती टिकेल. हेच मी सारखं म्हणत होते. वळणावरून खाडीचा रस्ता दिसायला लागला आणि मला काळा धूर दिसला.

गाडी रस्त्याच्या मधोमध जळत होती. काम करणारी माणसं घमेल्यांनी तिच्यावर माती टाकत होती. साहेब बाजूला उभे होते, त्यांना काही झालं नव्हतं. हे मातीच्या ढिगावर बसले होते. दोन्ही हात अंगापासून दूर धरलेले, कोणाला काहीतरी द्यायचंय तसे. मला बघून ते अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बॉनेट उघडाया नको होतं मी." पेट्रोलचा वास आला, मग धूर आला, त्यांनी गाडी थांबवली, साहेबांना बाहेर काढलं आणि बॉनेट उघडून आग विझवायला गेले. बॉनेटखाली साठलेला जाळ हातांवर आला.

रस्त्याच्या कामावरच्या एका टेम्पोने आम्हाला वाशीच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. वाटेत मी यांच्या खांद्याला धरून बसले होते. तेव्हाच सांगितलं असतं तर यांनी कदाचित ऐकलंही नसतं, वेदना इतक्या होत्या. पण सांगायचा विचारही माझ्या मनात आला नाही. मी एवढंच बघत होते की बोटं हलतायत की नाहीत.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी गाडीचा सांगाडा आमच्या शेडमध्ये आणून ठेवला. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. पेट्रोलचा वास आधी डाव्या बाजूने, फिल्टरच्या इथून आला, एवढं त्यांनी हॉस्पिटलमध्ये यांना सांगितलं. मी घरी आंघोळीला म्हणून आले आणि शेडमध्ये गेले. सांगाड्यात फिल्टरच्या तोंडावर क्लिप तशीच होती, घट्ट, आणि तिच्या खाली वितळून थिजलेलं प्लास्टिक. मी ते स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढलं. मग खणातली यांची रबरी नळी बाहेर काढली. तिच्या दोन्ही टोकांना क्लिपचा खोल वळ उमटला होता. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि हॉस्पिटलला जाताना बाजाराजवळच्या कचराकुंडीत टाकली. कोणी मला विचारलं नव्हतं, कोणी काही तपासायला येणार नव्हतं. तरी मी ते केलं, आणि करताना एकदाही थांबले नाही. याचं मला आजही नवल वाटतं.

दोन महिन्यांनी हे घरी आले, तोवर साहेबांनी तो सांगाडा भंगारात विकला होता. डावा हात बराच बरा झाला. उजव्या हाताची बोटं आत वळून राहिली, दोन शस्त्रक्रियांनंतरही. पाना धरता यायचा, पण कागदाएवढी फट बोटांना कळायची ती आता कळेना. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी, मी त्यांना भरवत असताना, ते म्हणाले, "क्लिप माझ्याकडनं राहिली. दुसरं कायबी नाय."

मी म्हटलं, "असं कशाला मनाला लावून घेता. होतं एखाद्या वेळेस."

ते वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं. त्यात सांत्वन होतं आणि त्यात मी त्यांचा दोष मान्य करून टाकला होता. त्यानंतर काहीही सांगायचं तर आधी हे वाक्य परत घ्यावं लागणार होतं. मी रोज ठरवायचे. त्यांचा हात दुखायचा तेव्हा वाटायचं, आज नको. हात दुखत नसायचा, ते मुलीशी हसत बोलत असायचे, तेव्हा वाटायचं, आज कशाला.

टर्बोच्या गाड्या आमच्या गल्लीत यायच्या बंद झाल्या. मी डिझेल पंपांचं काम चालू ठेवलं. यांना नेरूळच्याच एका खासगी मोटार प्रशिक्षण संस्थेत शिकवायचं काम मिळालं. फळ्यावर आकृत्या काढायच्या, समजावून सांगायचं. डाव्या हाताने खडू धरायला ते शिकले. मुलं त्यांना मानायची, असं ऐकायला यायचं. मला बरं वाटायचं. निदान यातून हे चांगलं झालं, असं मी मनाला सांगायला लागले होते.

एकदा ते चष्मा घरी विसरले. मी तो द्यायला संस्थेत गेले. वर्गाचं मागचं दार उघडं होतं, मी तिथे थांबले. तीसेक मुलं बसली होती आणि हे पेट्रोलच्या लाइनबद्दल सांगत होते. मग त्यांनी दोन्ही हात वर करून मुलांना दाखवले. घरी ते उजवा हात कधी कोणाच्या नजरेस पडू देत नसत. म्हणाले की, एक गाडी होती, काम चोख होतं, आणि मी एक क्लिप कसायची विसरलो. "मला शंभर टक्के वाटत होतं की मी ती कसलीय. माणसाच्या आठवणीवर कधी जाऊ नका. स्वतःच्या तर नाहीच. दोनदा बघा." पुढच्या बाकावरच्या एकाने ते वहीत लिहून घेतलं.

मी चष्मा शिपायाकडे दिला आणि घरी आले. नंतर कळलं की प्रत्येक नव्या वर्गाला ते हे सांगतात. वर्षातून दोनदा, तीस-तीस मुलांसमोर. मी ते थांबवू शकत होते. आणखी दोन वर्षं मी ते थांबवलं नाही.

शेवटी सांगितलं ते एका अगदी लहानशा गोष्टीवरून. मुलगी दहा वर्षांची झाली होती. दुपारी गॅसचा नवा सिलिंडर आला आणि यांनी रेग्युलेटर लावला. लावून झाल्यावर त्यांनी तो हलवून पाहिला, परत काढला, परत लावला. मग मुलीला हाक मारली आणि म्हणाले, तू बघ गं नीट बसलाय का. तिने बघितलं, बसलाय म्हणाली. हे म्हणाले, परत एकदा बघ. ज्या माणसाने टेम्पोच्या नुसत्या आवाजावरून आमच्या दुरुस्तीतली चूक पकडली होती, तो दहा वर्षांच्या मुलीला रेग्युलेटर बसलाय का विचारत होता. ती खेळायला गेल्यावर मी यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. बुडबुडे, जाळीची नळी, कोपरखैरणं, खरवडलेलं प्लास्टिक, कचराकुंडी. काही सोडलं नाही.

त्यांनी विचारलं, "क्लिपा घट्ट होत्या?"

मी हो म्हटलं. सैल करताना बोटाला लागलं होतं, हेही सांगितलं.

"हात गेले त्याचं काय नाय," ते म्हणाले. "ते मी बॉनेट उघडलं म्हनून गेले. पन मना आठवत होतं गो, मी कसली होती ते. तो शेवटचा पीळ मना हातात आठवत होता. चार वर्सं मी सोताला खोटं ठरवलं."

मी माफी मागितली. ते उठून बाहेर गेले आणि ओट्यावर सासूबाईंजवळ जाऊन बसले. पुढचे कित्येक दिवस आमच्यात जेवण, मुलीची शाळा, लाइट बिल यापलीकडे बोलणं झालं नाही. एकदा त्यांनी विचारलं की ती रबरी नळी कुठल्या कुंडीत टाकली होतीस. चार वर्षांनी त्याचा काय उपयोग, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी जागा सांगितली. त्यांनी मान हलवली.

ते मला सोडून गेले नाहीत, कधी घालूनपाडून बोललेही नाहीत. सासूबाईंना त्यांनी सांगितलं नाही, मुलीलाही नाही. संस्थेने त्यांना मागे एकदा वर्कशॉपची जबाबदारी देऊ केली होती आणि त्यांनी नाकारली होती. ती त्यांनी त्या वर्षी मागून घेतली. पण माझ्या बेंचशी येऊन बसणं, नळ्यांतली पातळी बघून काहीतरी बोलणं, जे अपघातानंतरही चालू होतं, ते बंद झालं. शेडमध्ये यायचेच नाहीत. मी कामाबद्दल काही विचारलं तर उत्तर द्यायचे, बरोबर उत्तर द्यायचे, दारात उभं राहून.

दशक संपता संपता ते बेलापूरचे साहेब एका रविवारी सकाळी आले. गाडी साधी होती, बरोबर त्यांची बायको होती, इकडे कोणाकडे आले होते म्हणून सहज डोकावले. मी चहा केला. यांची तब्येत, शिकवण्याचं काम, असं बोलणं चाललं होतं. हे मध्येच थांबले आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, त्या वेळी मी तुम्हाला सांगितलं होतं की क्लिप माझ्याकडून राहिली. ती राहिली नव्हती. मी कसली होती."

साहेब जरा गोंधळले. म्हणाले, अहो, ते केव्हाचं, मी तर विसरूनही गेलो.

"मी नव्हतो विसरलो," हे म्हणाले.

साहेबांनी विचारलं, मग झालं तरी काय होतं?

मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते, यांच्यापासून हातभर अंतरावर. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं त्यांनी थोडा वेळ दिला. आजही वाटतं. एक माणूस एक वाक्य बोलून जाईल एवढा वेळ. बाहेर मुलगी कोणाला तरी हाका मारत होती. मी कप उचलायला लागले.

"नळी चुकीची लागली होती," हे म्हणाले. कोणी लावली ते त्यांनी सांगितलं नाही, आणि साहेबांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने ते दोघं निघाले. हे त्यांना मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवायला गेले आणि मी मोरीत कप धूत बसले.